दादा काढणे

हसू देऊ नये.

डावा कान नको.

बाळ जागं, आईबाप झोपले.

खुर्ची चांगली, माणूस जेमतेम.

कुत्रा हलला. कुत्र्याचं बरोबर होतं.

ही वाक्यं माझ्या बाबांची. कुणी वाचावीत म्हणून त्यांनी ती लिहिली नव्हती. बाबा फोटोग्राफर. प्रत्येक गिऱ्हाइकाची निगेटिव्ह एका खाकी पाकिटात जायची. पाकीट तळहाताएवढं. कोपऱ्यात नंबर, आणि बाकीचे लोक जिथे नाव लिहितात तिथे बाबा हे असलं काहीतरी लिहायचे. नाव ते विचारायचेच नाहीत.

"नाव सांगताना माणूस तोंड सारखं करतो," ते म्हणायचे. "मग ते तसंच राहतं. फोटो नावाचा येतो, माणसाचा येत नाही."

त्यामुळे व्हायचं असं, की मी स्टुडिओच्या बाकावर अभ्यास करत बसलेली असायचे, कुणी फोटो न्यायला यायचं, आणि मी आत ओरडायचे, "बाबा, डावा कान नको आलेत!" आतून उत्तर यायचं, "कपाटात, वरच्या खणात!" गिऱ्हाईक समोरच उभं. टोपी हळूच कानावर ओढत.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आमच्या घरात "काढणे" या क्रियापदाला एकच अर्थ होता. "फोटो" हा शब्द बाबा लिहायचे नाहीत, जागा वाया जाते म्हणून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असायचं: सोमवार, शाळा काढणे. मंगळवार, वकील काढणे. बुधवार, जुळी काढणे, रडली तर परत काढणे. लहानपणी मी रुसले की अंगणात पाय आपटत ओरडायचे, "मला काढा! मला कुणी काढतच नाही!" शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "कुठून गं?"

*

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. दोन दिवस, दहा ते सहा. चौसष्ट फोटो. लोकांना वाटत होतं, बाबांच्या कामाला चाळीस वर्षं झाली म्हणून. आई आणि मला माहीत होतं की ते एका माणसासाठी आहे. बाकीचे त्रेसष्ट फोटो त्या एका फोटोला एकटं वाटू नये म्हणून.

तो माणूस म्हणजे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ. घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचं दुकान आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, आणि अकरा वर्षं ते बाबांशी बोललेले नव्हते. बाबांच्या स्टुडिओवरून जावं लागू नये म्हणून ते रोज बाजाराला वळसा घालून दुकानात जायचे. आजी गेली तेव्हा दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते आणि मधल्या मध्ये लोकांना कुणाचं सांत्वन आधी करावं कळेना.

कारण? बाबांच्या मते कारण पोट.

आजीला ऐंशी पूर्ण झाली त्या दिवशी बाबांनी सगळ्यांचा फोटो काढला होता. डावीकडून: आत्या. आत्याचे यजमान, बूट नवे आणि ते चावत असल्याचं चेहऱ्यावर स्पष्ट. मध्ये खुर्चीत आजी. मागे आई. उजवीकडे मोठे काका, हात आजीच्या खांद्यावर, डोळे मिटलेले. खाली सतरंजीवर मी, गुडघ्याला खरचटलेलं. बाबा कॅमेऱ्यामागे. तर त्या वेळी बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दादा, पोट आत घे." काकांनी घेतलं. दहा-बारा दिवसांनी काकांनी बोलणं टाकलं. दुसरं काही घडलेलं बाबांना आठवेना, म्हणून पोटच.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला. बाबा म्हणायचे, "आज मध्ये दुखतंय." आई भाजी वाढताना विचारायची, "भरलं का?" आणि काय भरलं ते कुणी बोलायचं नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर बाबा बोटाने दाखवायचे.

आमंत्रणाचं कार्ड मी स्वतः काकांच्या दुकानात नेऊन दिलं. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढता ते वाचलं आणि म्हणाले, "दहा ते सहा. मध्ये जेवणाची सुट्टी लिहिली नाही." बाबांना मी तेवढंच सांगितलं. बाबा दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसले.

*

आता चूक. चूक माझी.

फोटोंखाली काय लावायचं असं मी बाबांना विचारलं, तेव्हा ते शिडीवर होते आणि तोंडात चार खिळे होते. ते म्हणाले, "पाकिटावर आहे ते लाव." त्यांना म्हणायचं होतं नंबर. मी एका कार्यालयात टायपिस्ट आहे. समोर जे आहे ते टाइप करायचं, विचार करायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. मी चौसष्ट पट्ट्या टाइप केल्या आणि सकाळी दार उघडायच्या आधी चिकटवल्या. बाबा दारात उभं राहून जिन्याकडे बघत होते. त्यांनी आत नजरही टाकली नाही.

पहिला आवाज साडेदहाला आला.

"कोण जेमतेम?"

वकीलसाहेब होते. फोटोत ते एका कोरीवकाम केलेल्या खुर्चीत बसलेले, खाली पट्टी: खुर्ची चांगली, माणूस जेमतेम. त्यांनी ती ताबडतोब उतरवायला सांगितली, नाहीतर पुढची पावलं उचलू म्हणाले. त्यांच्या बायकोने जवळ जाऊन फोटो बघितला, पट्टी बघितली, परत फोटो बघितला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "खुर्ची खरंच चांगली आहे."

बाबा धावत आले. पट्ट्या बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाले, "हे तू काय काढून ठेवलंस?" आणि ते पट्ट्या ओढायला लागणार, एवढ्यात निवृत्त मुख्याध्यापिका जिना चढून आल्या. सगळं गाव त्यांना अजून वचकून असतं. त्या सरळ आपल्या फोटोपुढे जाऊन थांबल्या. हसू देऊ नये.

वकीलसाहेबसुद्धा बाजूला सरले.

"बरोबर लिहिलंय," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मी त्या दिवशी हसायला लागले असते तर थांबलेच नसते. सकाळीच घर सोडून आले होते. सासरचं. पिशवीत एक जोडी कपडे आणि प्रमाणपत्रं. नोकरीच्या अर्जाला फोटो लागत होता. तुझ्या बाबांनी दिवा लावला आणि मला हसूच यायला लागलं, सुटल्यासारखं. चार फिल्म फुकट घालवल्या. मग ते म्हणाले, बाई, आधी रडून घ्या, मी बाहेर थांबतो."

आणि बाई हसायला लागल्या. इतक्या, की वाचनालयाच्या शिपायाने पाणी आणलं.

पट्ट्या राहिल्या.

त्यानंतर लोक फोटो बघायला येईनात, आपली पट्टी वाचायला यायला लागले. बेकरीवाले आले, टोपी घालून. त्यांच्या बायकोने सगळ्यांना सांगितलं की लग्नाआधी तिला दाखवलेल्या चारही फोटोंत ह्यांचा उजवाच कान होता. "मला वाटलं हे नेहमी कुठेतरी बघत असतात. विचारी दिसले. म्हणून हो म्हटलं."

"मग?"

"मग काय. कान आहे तो. लहानपणी भावाला विहिरीच्या कठड्यावरून मागे ओढताना फाटला. लपवायचा कशाला, मी तर तोच आधी दाखवला असता."

बेकरीवाल्यांनी टोपी काढली. थोडा वेळच, पण काढली.

बाळ जागं, आईबाप झोपले. ते बाळ आता सहा फूट झालंय आणि बस चालवतं. फोटोत दोघे तरुण नवरा-बायको एकमेकांवर डोकं टेकून गाढ झोपलेले, आणि मांडीवरचं बाळ कॅमेऱ्याकडे बघतंय, आता पुढे काय करायचं म्हणून. "पाच महिन्यांत पहिल्यांदा झोपलो होतो," त्याची आई म्हणाली. "जाग आली तर तास झालेला. आणि हा तुमच्या बाबांच्या कडेवर. यांनी कुणाला आत सोडलंच नव्हतं."

"पुढचं गिऱ्हाईक भांडून गेलं," आई म्हणाली. "वकीलसाहेब होते."

बाबा सगळं ऐकत होते, पण कान जिन्याकडे. सहा वाजले. काका आले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी साडेतीनला आले.

भिंग कपाळावर तसंच, काढायचं विसरलेले. बाबांकडे न बघता त्यांनी ते डोळ्यावर ओढलं आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. प्रत्येक पट्टी. एकेक. घड्याळाच्या आतलं बघावं तसं. आमचा फोटो एकेचाळिसावा होता. आईने माझा हात धरला. आत्या बाकावर बसली होती, तिने पर्स बंद केली, उघडली, बंद केली. कोपऱ्यात डागवाले बसले होते. फोटोवरचे डाग बारीक कुंचल्याने झाकायचं काम करतात, बाबांचं असलं सगळं काम त्यांच्याकडेच जायचं, म्हणून त्यांना गावभर डागवाले म्हणतात.

काका एकेचाळिसाव्यापुढे थांबले. फोटो बघितला. पट्टी वाचली.

पट्टीवर मी टाइप केलं होतं, पाकिटावर होतं तेच: दादा काढणे.

"छोट्या," काका म्हणाले.

अकरा वर्षांतला पहिला शब्द. बाबा दोन पावलं पुढे आले. "काय, दादा?"

"एकदा काढलंस ते पुरलं नाही?"

"कुठे काढलं, दादा? नीट काढायचं राहूनच गेलं. तुझे डोळे मिटलेले होते."

"डोळे मिटले म्हणून काढलंस?"

"मग? डोळे मिटले की परत काढावंच लागतं."

"आईच्या शेजारून?"

"शेजारून कशाला? समोरून! एकट्याला! सगळे गेले की दादाला निवांत काढू, असं मी आधीच ठरवलं होतं."

बेकरीवालीने तोंडावर हात ठेवला.

"ऐकलंत?" काका हॉलकडे वळले. "चारचौघांत कबूल करतोय."

"त्यात कबूल काय करायचंय? विसरू नये म्हणून पाकिटावर लिहून ठेवलं होतं!"

"लिहून ठेवलं होतं!" काकांनी भिंग काढलं. डोळा लाल झाला होता. "आणि आता भिंतीवर लावलंय. कार्ड पाठवून बोलावलंय. ये, बघून जा, तुला कसा काढला ते."

"पण मी तुला काढलाच नाही!" बाबा रडकुंडीला आले. "माझी फार इच्छा होती रे!"

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसता का?"

तेवढ्यात आत्या उठली. "कुणी हलू नका," म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिचं घर वाचनालयाच्या मागेच आहे. कुणी खरंच हललं नाही. पंधरा मिनिटं दोघे भाऊ तसेच उभे होते, नजर एकाच फोटोवर, मध्ये हातभर जागा.

आत्या आली ती चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. सोडलं. तोच फोटो, मोठा, चौकटीत. डावीकडून: आत्या. आत्याचे यजमान. आजी. आई. मी. उजवीकडे पडदा.

मोठे काका नव्हते. होता तो सुंदर, चुण्या-चुण्यांचा, जमिनीपर्यंत पोचलेला पडदा.

बाबांनी तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला. फोटोनंतर तिसऱ्याच दिवशी दिव्याचा स्टँड उचलताना त्यांची कंबर धरली होती आणि ते पंधरा दिवस आडवे होते. प्रिंट आणि पाकीट आईने नेहमीप्रमाणे डागवाल्यांकडे दिलं, तिथून पाकीट घरी परत आलं आणि प्रिंट चौकटवाल्याकडे गेली, तिथून आत्याच्या घरी. आत्याला वाटलं, पोटावरून भावाभावांचं वाजलं असेल, म्हणून धाकट्याने थोरल्याला उडवलं. तिने काकांना दाखवलं. काका पाणीही न पिता गेले. आत्याने चौकट कपाटामागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून, आणि बाबांनी विचारलं तेव्हा काच फुटली म्हणून सांगितलं.

"मी मध्ये कशाला पडू?" आत्या म्हणाली. "तुम्हाला दोघांनाही माहीत आहे असंच मला वाटत होतं."

"हे कुणी केलं?" बाबांनी विचारलं.

"मी!" कोपऱ्यातून डागवाले उठले. वय झालंय, पण चेहरा उजळला होता. "आहे अजून? बघू. बघा, चुणी बघा ही. असा पडदा मी परत नाही रंगवला."

"पण का?"

"का म्हणजे? पाकिटावर होतं. दादा काढणे." त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. "तुम्ही मला काय लिहून पाठवता? चामखीळ काढणे. चष्म्यावरची चमक काढणे. दातातली फट काढणे. मी काढतो."

"अहो, पण अख्खा माणूस?"

"मलाही जड वाटलं. पण मी लोकांच्या घरगुती भानगडीत पडत नाही. त्याच महिन्यात एक जावई काढला होता."

मुख्याध्यापिका आज परत आल्या होत्या. त्यांना पुन्हा पाणी द्यावं लागलं.

काका हसले नाहीत. त्यांनी चौकट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग डागवाल्यांना विचारलं, हळू आवाजात, "किती वेळ लागला?"

"तुम्हाला? चार दिवस. बाकीचे अख्खे तुम्ही एका दिवसात निघालात. हात निघेना."

"कुठला हात?"

"आईंच्या खांद्यावरचा. बोटं अशी रुतलेली, की काढावा तर खांदाच जातो. शेवटी म्हटलं, राहू दे. त्याचा शालीचा काठ केला." त्यांनी कुंचला धरतात तसं बोट धरून दाखवलं. "हा बघा. खाली तुमचा हातच आहे. खरवडलं तर निघेल."

काका बराच वेळ तो काठ बघत होते. भिंगाने. मग भिंगाशिवाय.

मग ते बाबांवर कडाडले.

"षष्ठी कुठे गेली?"

"अं?"

"षष्ठी विभक्ती! दादाचा फोटो काढणे! दादाचा! एक चा लिहायला काय झालं होतं तुला?"

"पाकीट लहान होतं, दादा."

"पाकीट लहान होतं!" काकांनी हॉलभर सगळ्यांकडे बघितलं. "ऐका. अकरा वर्षं मी बाजाराला वळसा घालतोय. पावसात, उन्हात. याचं पाकीट लहान होतं! आईने शाळेत घातलं होतं रे तुला!" त्यांनी खिशातून घड्याळांच्या चिठ्ठ्यांवर लिहायचं बारीक पेन काढलं आणि पट्टीपाशी वाकले. "दादा" आणि "काढणे" यांच्या मधल्या तेवढ्याशा जागेत, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांनी "चा फोटो" बसवलं. रेषासुद्धा सरळ आली. "बघ. मावतं."

बाबांनी वाकून बघितलं. मावलं होतं.

"मला वाटत होतं," बाबा म्हणाले, जमिनीकडे बघत, "तू पोटावरून रागावलास."

तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून आई आणि मी दोघीही दचकलो.

"कुठल्या पोटावरून?"

"मी म्हणालो होतो ना. सगळ्यांसमोर. पोट आत घे."

"कधी?"

"तेव्हाच! फोटोच्या वेळी!"

काकांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे. "मला नाही आठवत."

"नाही आठवत?" आता बाबांचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी पोट म्हणालो नाही! घरात कुणाला म्हणू दिलं नाही! डॉक्टरने आतड्याचं औषध द्यायचं तर बरगडीचं दिलं एकदा! आणि तुला आठवत नाही?"

"ओरडू नकोस. मोठा आहे मी."

"मोठा आहेस तर यायचं, विचारायचं, पडदा कुणी लावला म्हणून!"

"लहान तू आहेस, तू यायचं!"

"मी आलो होतो! दोनदा! दुकानाच्या दारातून परत गेलो!"

काका थांबले. "दोनदा?"

"एकदा तू शिंकलास. मी घाबरलो."

काकांनी भिंग खिशात टाकलं. ते बाकावर बसले. बाबाही बसले. मग शिंक कुठल्या महिन्यातली यावर वाद सुरू झाला, आणि सहा वाजता शिपाई किल्ल्या वाजवत आला तेव्हा दोघे आजीच्या शालीच्या रंगापर्यंत पोचले होते. काका म्हणत होते निळी, बाबा म्हणत होते राखाडी, आणि डागवाले दोघांनाही सांगत होते की काठ त्यांनी स्वतः रंगवलाय, तेव्हा विचारायचं तर त्यांना विचारा. शिपायाने दिवे घालवले. ते तिघे जिना उतरताना भांडतच होते. काका बाबांच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत होते. त्यांचा गुडघा दुखतो हे मला त्या दिवशी कळलं.

अकरा वर्षांपूर्वी, फोटोच्या दिवशी सकाळी, खुर्ची मांडायच्या आधी, आजीने आपल्या दोन्ही मुलांना समोर बसवून त्यांचे केस विंचरले होते. धाकटा तर कॅमेऱ्यामागे उभा राहणार होता.